भिवाच्या हाती आलेले पुस्तक



तुमचे आवडते पुस्तक कोणते, असा प्रश्न वर्गात कोणी विचारला की चटकन हात वर होतात. कोणी फास्टर फेणेचे नाव घेतो, कोणी ‘श्यामची आई’चे, तर कोणी हॅरी पॉटरच्या मालिकेचे सातही भाग क्रमाने सांगतो. तुमच्या आईबाबांना विचारलेत तर ते ‘चांदोबा’ची आठवण काढतील. आपल्या हैदराबादेत मराठी घरी ‘चांदोबा’ यायचा आणि शेजारच्या तेलुगू घरी ‘चंदामामा’. अक्षरे वेगळी, पण चित्रे तीच! त्यामुळे भाषा येत नसली तरी शेजारच्या अंकातली गोष्ट निम्मी समजायची.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पुस्तक मिळाले ते असे सहज. आज मात्र अशा एका मुलाच्या पुस्तकांची गोष्ट सांगायची आहे, ज्याच्या घरी नवे पुस्तक आणायचे म्हणजे कधी कधी लग्न झालेल्या बहिणीचा दागिना सावकाराकडे ठेवावा लागे. त्या मुलाला घरी भिवा म्हणत. पुढे सारा देश त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणू लागला.

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. योगायोग असा की, त्याच १८९१ साली आपल्या शहरात आसफिया ग्रंथालयाची स्थापना झाली. अफझलगंजला मुसी नदीच्या काठी असलेले आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. इकडे हैदराबादेत पुस्तकांचे एवढे मोठे घर उभे राहत होते आणि तिकडे महूला जन्मलेल्या या मुलाला पुढे शाळेत इतर मुलांच्या शेजारी बसण्याचीही मुभा नव्हती.

घरातली शाळा

भिवाचे वडील सुभेदार रामजी सकपाळ. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. सैन्यातील शाळेत ते १४ वर्षे मुख्याध्यापक होते. चौदा अपत्यांपैकी पाच जगली आणि त्यांत भिवा सर्वांत धाकटा. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच आई भीमाबाई वारली. आत्या मीराबाईंनी पोरक्या मुलांना सांभाळले. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले.

रामजी कबीरपंथी होते. घरात पैसा बेताचा, पण शिस्त कडक. रोज संध्याकाळी सर्व मुलांनी एकत्र बसायचे, भजने म्हणायची, संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे म्हणायचे, यात सवलत नाही. तुकाराम, मुक्तेश्वर, मोरोपंत अशा कवींची वाणी भिवाच्या कानावर पडली ती अशी. छापील पुस्तक हातात येण्याआधी मराठी भाषा त्याच्या कानांत मुरली. पुढे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ या पत्रांतून त्यांनी जे ठणठणीत मराठी लिहिले, त्याची मुळे या संध्याकाळच्या बैठकीत आहेत.

रामायण आणि महाभारत हेही घरातले ग्रंथ. वडील मुलांकडून त्यांतील भाग मोठ्याने वाचून घेत आणि बहिणी व शेजारपाजारची मंडळी ऐकायला बसत. भिवा वाचायचा, पण वाचता वाचता त्याच्या मनात शंका येत. एके दिवशी त्याने वडिलांना विचारलेच की हे ग्रंथ आपण एवढ्या आग्रहाने का वाचायचे. वडिलांनी समजावले की आपल्याला लोक हीन समजतात, त्यामुळे आपल्या मनातही न्यूनगंड यायची भीती असते. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती मोठे झाले, वाल्मीकी कोण होते आणि कोण झाले, हे वाचले की तो न्यूनगंड जातो. भिवाचे समाधान झाले नाही. भीष्म आणि द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरे, असे त्याला वाटे. वडील गप्प राहिले, पण प्रश्न विचारला म्हणून त्यांनी त्याला दटावले नाही. मित्रांनो, आवडलेल्या पुस्तकांइतकीच न पटलेली पुस्तकेही आपल्याला घडवतात, हे लक्षात ठेवा.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी घोटभर पाण्यावाचून घरी यायचे. अशा शाळेत अभ्यासाची गोडी लागणे सोपे नव्हते आणि खरे सांगायचे तर भिवा तेव्हा फारसा अभ्यासू नव्हताही.

साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरणीत कामाला लागली, हे त्याने ऐकले होते. आपणही तसेच करावे असे त्याच्या मनाने घेतले. पण आगगाडीचे भाडे कुठून आणायचे? आत्याच्या कमरेला पैशांची चंची असे. ती काढून घेण्यासाठी त्याने तीन रात्री प्रयत्न केले. चौथ्या रात्री चंची हाती लागली. उघडून पाहतो तर आत फक्त अर्धा आणा! त्याला स्वतःचीच फार लाज वाटली. त्या रात्रीनंतर त्याने ठरवले की आता मन लावून शिकायचे, लवकर परीक्षा पास व्हायचे आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे. ही हकिगत त्यांनी स्वतःच पुढे मोठेपणी सांगितली आहे. आपली चूक एवढ्या उघडपणे सांगायलाही मोठे मन लागते.

मुंबईची एक खोली

१९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत बिऱ्हाड थाटले. स्वयंपाक तिथेच, जळणाची लाकडे तिथेच आणि अभ्यासही तिथेच. एवढ्याशा जागेत मुलाचा अभ्यास कसा व्हायचा? वडिलांनी युक्ती काढली. भिवाला लवकर झोपवायचे. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे आणि मग त्याला उठवून आपण आडवे व्हायचे. भिवा जात्याजवळ झोपायचा, पायाशी बकरी बांधलेली असायची. दोन वाजता उठून, काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात तो पहाटेपर्यंत वाचत बसे.

इंग्रजीसाठी वडिलांनी दोन पुस्तकमाला धरल्या होत्या. एक हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि दुसरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजीचे मराठी, योग्य शब्द सापडेपर्यंत सोडायचे नाही, असा हा अभ्यास. आपल्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. हैदराबादच्या आपल्या मुलांना घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि हिंदी, वर्गात इंग्रजी असा रोजचा सराव असतो. काही पालकांना वाटते की घरातल्या मराठीमुळे मुलाचे इंग्रजी कच्चे राहील. ज्या माणसाने पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये इंग्रजीतून प्रबंध लिहिले, तो इंग्रजी शिकला तो मराठीच्या खांद्यावर बसूनच.

मुंबईतच भिवाला शाळेबाहेरच्या पुस्तकांचे वेड लागले. आता तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होता. आजच्या पालकांसारखेच रामजींनाही वाटे की मुलाने आधी क्रमिक पुस्तके नीट वाचावीत, मग इतर. ते कुरकुरत, पण मुलाने पुस्तक मागितले की नाही म्हणत नसत. त्यांचे पेन्शन महिना ५० रुपये. हातात पैसे नसले की ते काठी घेऊन निघत आणि मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीकडे जात. दोन-तीन रुपये मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. तिच्याकडेही पैसे नसले तर तिच्या लग्नात दिलेला एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन आली की दागिना सोडवून मुलीला परत करत. त्या बहिणींनी ही पुस्तके वाचली असतील की नाही कोण जाणे, पण त्या पुस्तकांत त्यांचाही वाटा होता.

याच शाळेत भिवाच्या मनाला एक घाव बसला. त्याला संस्कृत शिकायचे होते. थोरला भाऊ आनंदराव याचीही तीच इच्छा होती. परंतु अस्पृश्यांच्या मुलांना संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला आणि दोघांनाही नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. आपल्या हैदराबाद संस्थानात त्या काळी फारसी आणि उर्दू यांना मोठा मान होता, त्यामुळे आपल्याला फारसी शिकण्यात काही वावगे वाटणार नाही. भिवानेही ती मनापासून शिकली आणि पुढे बी. ए. ला इंग्रजी आणि फारसी हेच विषय घेतले. दुःख फारसी शिकावी लागल्याचे नव्हते. एका भाषेचे दार आपल्या जन्मामुळे आपल्यासाठी बंद केले गेले, याचे होते. हे दार त्यांनी मोठेपणी स्वतःच्या कष्टाने उघडले आणि संस्कृतचा अभ्यास केलाच.

चर्नी रोडची बाग

घरात जागा नाही म्हणून शाळा सुटल्यावर भिवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत संध्याकाळी एक गृहस्थ येत. तेही हातात पुस्तक घेऊन बसत. ते होते कृष्णाजी अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि मराठीतले नामवंत चरित्रकार. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि तुकाराम महाराजांचे चरित्र त्यांनी लिहिले होते. गौतम बुद्धाचे चरित्र त्याआधीच, १८९८ साली, प्रसिद्ध झाले होते. रोज एकाच जागी वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली. मुलाने आपली जात आणि परिस्थिती सांगितली. गुरुजींनी ती ऐकून अंतर धरले नाही. उलट काय वाचावे, कसे वाचावे हे ते सांगू लागले आणि त्याला पुस्तकेही देऊ लागले.

भिवा परीक्षा पास झाला तेव्हा समाजातील मंडळींना त्याचा सत्कार करावासा वाटला. आपल्यातला एक मुलगा एवढा शिकला, हेच त्यांना अपूर्व होते. ते परवानगी मागायला रामजींकडे गेले, तर रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा पास झाला म्हणून काय झाले, असे त्यांचे म्हणणे. मंडळी निराश होऊन केळुसकर गुरुजींकडे गेली. गुरुजींनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली. सभेच्या शेवटी गुरुजींनी आपणच लिहिलेले बुद्धचरित्र भिवाला भेट दिले.

ही सभा मॅट्रिकच्या निकालानंतर १९०७ साली झाली, असे चरित्रकार लिहितात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र ती इंग्रजी चौथीनंतरची म्हणून सांगितली आहे. काही असो, वय सोळा किंवा त्याहून थोडे कमी. म्हणजे आपल्या शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांएवढेच. आणि हो, मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते. निकालाच्या दिवशी घरोघरी टक्केवारीवरून जी रडारड होते, तिच्यासाठी हा आकडा सांगून ठेवतो.

ते पुस्तक भिवाने अतिशय आस्थेने वाचले. महाभारत वाचताना पडलेले प्रश्न अजून मनात होतेच. इथे त्याला असा एक माणूस भेटला जो राजवाड्यातून बाहेर पडतो, दुःखाचे कारण शोधतो आणि कोणाला जात विचारत नाही. मग त्याने वडिलांना विचारले की हे वाङ्मय तुम्ही आम्हाला आधी का दिले नाहीत.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटरची परीक्षा झाली आणि पुढच्या शिक्षणाला पैसे पुरेनात, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेजातील प्राध्यापक मुल्लर यांनीही त्यांना आपली पुस्तके आणि कपडे दिले. बी. ए. झाल्यावर, १९१३ साली, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. त्याआधी फेब्रुवारीत रामजी वारले होते. रात्री दोनला उठवणारे वडील मुलाचे हे यश पाहायला उरले नाहीत.

पुस्तकांचे घर

न्यूयॉर्कमध्ये असताना भीमराव पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालत. आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके चाळत बसणाऱ्यांना ते चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली. ती भारतात पाठवताना त्यांतली बरीच गहाळ झाली. १९१७ साली लंडनहून परततानाही तेच. महायुद्ध चालू होते, सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते आणि ती बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. कपडे बुडाल्याचे कोणाला काही वाटले नसते, पण पुस्तके बुडाली! पुढे मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः पुस्तके ठेवण्यासाठी. ज्याला लहानपणी वाचायला एक कोपरा नव्हता, त्याने पुस्तकांसाठी घर बांधले.

त्यानंतरचे त्यांचे कार्य तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचता. १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह, घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्रिपद. आपल्या विषयाशी जुळणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा १९४६ साली मुंबईच्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. १९५० साली दुसरे महाविद्यालय निघाले ते तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. ते शहर त्या वेळी आपल्याच हैदराबाद राज्यात होते. त्या महाविद्यालयाचे नाव पुढे ‘मिलिंद’ झाले. भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. वडिलांना महाभारतावरून प्रश्न विचारणाऱ्या मुलाला हे नाव आवडले, यात नवल नाही. आपल्या शहरानेही त्यांचा मान केला. १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. ही पदवी दिली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. त्याच्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना, त्यांनी वडिलांचे रामायण-महाभारताचे पाठ, सत्काराची ती सभा आणि केळुसकर गुरुजींचे पुस्तक यांची आठवण नोंदवली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती, हजारो ग्रंथ वाचून झाले होते, जगभरच्या पदव्या मिळाल्या होत्या. तरी शाळकरी वयात हाती आलेले ते मराठी पुस्तक ते विसरले नव्हते. एका पुस्तकाने सारे घडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यामागे अपमान होते, अभ्यास होता, वर्षानुवर्षांचा विचार होता. पण बीज त्या संध्याकाळी पडले.

मित्रांनो, बाबासाहेबांच्या वाचनाच्या गोष्टी सांगताना आपण त्यांच्या जिद्दीचेच कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत आणखी काही माणसे आहेत. रात्री दोनपर्यंत जागणारे वडील, दागिना काढून देणाऱ्या बहिणी, बागेत अनोळखी मुलाची विचारपूस करणारे शिक्षक. मुलगा कितीही हुशार असला तरी पुस्तक त्याच्या हातापर्यंत कोणीतरी आणावे लागते. आणि काही लोक ते हातापर्यंत येऊ न देण्यासाठीही उभे असतात, हेही संस्कृतच्या वर्गाने दाखवले.

म्हणून पालकांना आणि विश्वस्तांना एक विनंती. वाढदिवसाला, बक्षीस समारंभाला एखादी ढाल किंवा करंडक कमी द्या, पण प्रत्येक मुलाला एक चांगले मराठी पुस्तक अवश्य द्या. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे वाचून झालेले पुस्तक कपाटात बंद करून ठेवू नका. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत असा एखादा मित्र किंवा मैत्रीण तुमच्याच वर्गात असेल, आपल्या शाळेत काम करणाऱ्या मावशींच्या घरी असेल. त्याच्या हाती ते द्या. कोणत्या मुलाला कोणते पुस्तक पन्नास वर्षे पुरेल, हे देताना कोणालाच ठाऊक नसते. केळुसकर गुरुजींनाही ते ठाऊक नव्हते.